गुडदाणीच्या पुड्यांतली गोष्ट

लोणावळ्याला स्टेशनाच्या पाठीमागे मेहबूबचं घर होतं. घर म्हणायचं एवढंच. एरवी तो गुडदाणीचा कारखानाच. चुलीवर गुळाचा पाक, ओट्यावर दाण्यांचा ढीग आणि कोपऱ्यात छपराला टेकलेली रद्दी. मुंबईची श्रीमंत मंडळी हवा खायला बंगल्यांवर यायची, ढिगानं मासिकं वाचायची आणि जाताना टाकून जायची. मेहबूब ती उचलून आणायचा, त्याची म्हातारी अम्मा अजीजुन्निसा ती कात्रीनं कापायची, आणि त्या कागदांत बांधलेली गुडदाणी फलाटावर खपायची. त्या घरात शिरलेला कागद पुडी झाल्यावाचून बाहेर पडत नसे.

अडचण एकच होती. मेहबूबची बायको जैनब वाचणारी निघाली. तळेगावच्या मराठी शाळेत चार यत्ता शिकली होती. पुडी बांधता बांधता डोळे कागदावर जायचे आणि हात थांबायचे. "अगं, पाक थंड झाला, काय वाचतीस?" म्हणून अम्मा कावायची. बरं, गोष्टींची सगळी पानं कधी हाती लागायची नाहीत. सुरुवात सापडावी तर शेवट पुडी होऊन मुंबईला गेलेला. मग जैनब शेवट स्वतःच रचायची आणि दाणे निवडायला येणाऱ्या झुंबरबाईला सांगायची.

एकदा झुंबरबाईच बोलून गेली. तिचं माहेर धरणाच्या पाण्याखाली गेलं होतं. "दर साली पंचमीला काठावर जाती. निस्ती बघती आन् माघारी येती. दुसरं कुटं जाऊ?" एवढं बोलून ती पुन्हा खवट दाणे वेचायला लागली. जैनबनं मात्र त्याच दुपारी रद्दीतले कोऱ्या पाठीचे कागद शोधले आणि लिहायला बसली. तिच्या गोष्टीतली गोदा काठावरून माघारी येणार नव्हती.

गोष्ट पाठवायची कुठं? तेही रद्दीतच सापडलं. एका मासिकात लेखिकांसाठी गोष्टींची स्पर्धा जाहीर झाली होती. जैनबनं पाकीट पोस्टात टाकलं. मासिक किती जुनं आहे हे बघायचं भान कुणाला होतं! यथावकाश संपादकांचं कार्ड आलं. ही स्पर्धा संपून बरीच वर्षं लोटली, त्या वेळचे परीक्षक आता आजोबा झाले, असं त्यांनी लिहिलं होतं. गोष्ट मात्र फार आवडली, पुढच्या अंकात छापतो आणि अंक धाडून देतो.

मेहबूब पोट धरून हसला. "शिळ्या स्पर्धेत ताजी गोष्ट! छापून आली तर आनून दाव, मंग खरं मानीन."

"दावीन की," जैनब म्हणाली. ती चांगलीच चिडली होती. त्या दिवसापासून तिचं अर्धं लक्ष पाकाकडे आणि अर्धं टपालवाल्याच्या वाटेकडे.

आणि नेमकी ज्या दिवशी ती दाण्यांचं बघायला शेजारच्या औंढे गावाला गेली, त्याच दिवशी टपालवाला येऊन गेला. परत येते तो उंबऱ्याशी कागदाचं वेष्टन पडलेलं. वर नाव होतं, सौ. जैनब मेहबूब, लोणावळे. आत काही नाही.

"अम्मा, ह्यातला अंक कुटं हाय?"

अम्मा खुशीत होती. "कागूद लय झ्याक व्हता गं, कोरा करकरीत. पुड्या कमी पडत व्हत्या, समदा कापला. मेहबूब घिऊन गेला बी."

"अवं, माज्या नावाचा व्हता तो!"

"असंल बाई. पर ह्या घरात कागूद आनिक कशाला येतो?"

दुसरा अंक मागवता आला असता, पण ते जैनबला सुचलंही नाही. पुण्याकडून गाडीची शिटी ऐकू आली. तिनं पदर खोचला आणि भर बाजारातून पळत सुटली. बाईमाणसानं असं पळायची रीत नव्हती; लोक बघत राहिले, बघोत!

घाट उतरण्याआधी गाडी लोणावळ्याला चांगली थांबते, तेवढाच काय तो आधार. फलाटावर मेहबूबच्या टोपलीत दोनच पुड्या उरल्या होत्या. जैनबनं त्या हिसकावून सोडल्या. एकीवर केसांच्या तेलाची जाहिरात, दुसरीवर कुणाची तरी कविता. मेल्या कवितेला बरी राहायला जागा मिळाली!

"अगं, काय झालं काय?" मेहबूब गोंधळला.

"माजी गोष्ट इकलीत तुमी!"

ती खिडकीखिडकीतून बघत निघाली. एका शेटजींनी पुडीला हात पुसून बोळा खाली टाकला होता. तो तिनं उचलून उलगडला. मधुमेहावरचा लेख निघाला आणि तिचा जीव भांड्यात पडला.

बायकांच्या डब्याशी मात्र तिचे पाय जागच्या जागी थांबले. एक चष्मेवाली बाई मांडीवर पुडीचा कागद पसरून मोठ्यानं वाचत होती. गुडदाणी बाजूला तशीच. बाकीच्या बाया वाकून ऐकत होत्या.

"'पंचमीला सगळ्या पोरी माहेरी गेल्या. गोदा काठावर उभी राहिली...'"

आपलं वाक्य परक्या तोंडून! जैनबला एकदम हसूही आलं आणि रडूही. तेवढ्यात बाईनं कागद उलटला आणि ती खिडकीतून ओरडली, "अहो गुडदाणीवाले, पुढचं पान कुणाला दिलंत? ही बाई होडीत बसते की नाही?"

हात वर केला असता तर कागद मिळाला असता. जैनबचा हात गजांपर्यंत गेलाही. पण तोंडून वेगळंच निघालं.

"बसती."

"कोण?"

"गोदा. कोळ्याच्या हातापाया पडून बसती होडीत." गाडीनं शिटी दिली. डबा हलला. जैनब बरोबर चालू लागली, मग पळू लागली. "मदोमद गेल्यावर म्हनती, थांब रं दादा, हितं आमचं अंगन. मंग वाकती, वंजळभर पानी घेती आन् पिती. म्हनती, म्हायेरला आले, तशीच कशी माघारी जाऊ?"

डब्यातल्या एकीनं डोळ्याला पदर लावला. "पण तुम्हांला कसं ठाऊक?" चष्मेवालीनं विचारलं.

"मी लिवलीया!"

बाईनं कागद डोळ्यांजवळ नेला आणि सगळ्या फलाटाला ऐकू जाईल असं ओरडली, "जैनब मेहबूब, लोणावळे! तुम्हीच का?"

"व्हय! मीच!"

"अहो, मग हे घ्या, तुमचं आहे!" तिनं कागद बाहेर धरला.

"ऱ्हाऊ द्या! तुमच्यापाशीच ऱ्हाऊ द्या!"

गाडी खंडाळ्याकडे निघून गेली. जैनब धापा टाकत उभी होती आणि आनंदानं तिचे कान गरम झाले होते. मेहबूब रिकामी टोपली घेऊन जवळ आला. आज तो हसत नव्हता.

"तुजं नाव घेतलं त्या बाईनं," तो म्हणाला. "कागदावरनं वाचून."

"आता तरी खरं वाटलं का?"

त्यानं टोपली पालथी घातली, खांद्यावरच्या पंच्यानं झटकली आणि तिला वर बसवलं. स्वतः खाली फरशीवर बसला.

"त्यांस्नी शेवट कळला," तो म्हणाला. "मला तर कायबी ठावं न्हाई. पयल्यापासनं सांग."