तोमाची हजेरी

“बाचिगालुपो,” कोंडाबाई म्हणाली आणि तव्यावरची भाकरी उलटली. “बाल्लारिन थोरला. बाल्लारिन धाकटा. मारोझो. ग्रेजर.”

ओट्याशेजारी स्टुलावर बसलेल्या रामकिशनने पाटीवर पेन्सिल आपटली.

“आता काय चुकलं?”

त्याने लिहून पाटी तिच्यासमोर धरली : ग्रेझार.

“ग्रेझार तर ग्रेझार. त्याची माय काय इटलीहून मला रागवाया येणार हाय?” असं ती म्हणाली खरी, पण लगेच तिने जीभ चावली. त्या माउलीनेही कधीतरी हे नाव दारात उभं राहून हाक मारून घेतलं असेल. कोंडाबाईने ते तीनदा नीट घोटलं.

दिवाळीत लातूरला ऑपरेशन झालं तेव्हा रामकिशनच्या घशातल्या गाठीबरोबर त्याचा आवाजही गेला. गळ्याला आता एक भोक होतं आणि त्यावर पांढरा रुमाल. मुदखेड जंक्शनवर पस्तीस वर्षं पॉइंट्समन होता तो, गाड्यांचे रूळ बदलून देणारा. शंटिंगचं इंजिन धडधडत असताना त्याची हाक शेवटच्या डब्यापर्यंत जायची. याच आवाजामुळे दर चार मेला रेल्वे कॉलनीच्या मैदानावर नावं वाचायचं काम त्याच्याकडे आलं होतं. आज संध्याकाळी ते कोंडाबाई करणार होती. चौथी शिकलेली, रेल्वे दवाखान्यात आया म्हणून राबलेली बाई. पण नावं तिला कागदाशिवाय येत होती. चाळीस वर्षं ऐकत आली होती ती.

हे वेड आणलं चंद्रप्पा गार्डाने. सिकंदराबादेत वाढलेला, फुटबॉलवर जीव टाकणारा माणूस. मुदखेडला बदलून आला तेव्हा त्याच्या ट्रंकेत एक जुनं इंग्रजी मासिक होतं आणि त्यात इटलीतल्या तोरिनो क्लबची हकीकत. कॉलनीतली पोरं तेव्हा नुकतीच ‘जंक्शन इलेव्हन’ म्हणून खेळायला लागली होती. रेल्वे इन्स्टिट्यूटच्या पायरीवर बसून चंद्रप्पा त्यांना सांगायचा आणि भाजी निवडण्याचं निमित्त करून कोंडाबाईही ऐकायची.

“लगातार चार डाव चॅम्पियन, पाचवं समदं हातात आलेलं. एकोणपन्नास सालचा चार मे. परमुलखात मॅच खेळून इमानानं घरी येऊन राहिले होते. धुकं पडलं. त्यांच्याच गावावर एक डोंगर हाय, सुपर्गा. वर मोठं देऊळ. त्याच्या भिंतीवर इमान आदळलं. एकतीस माणसं. एक न्हाई वाचलं.”

“मग संघ मोडला?” मल्लिनाथने विचारलं होतं. तो रूळ दुरुस्त करणाऱ्या गँगचा मुकादम आणि जंक्शन इलेव्हनचा कॅप्टन.

“मोडतोय कशाला? चार मॅची ऱ्हायल्या होत्या. क्लबानं आपली बारकी पोरं उतरवली. अन् समोरच्यांनी काय केलं? त्यांनीबी आपली पोरंच उतरवली! याला म्हणायचं खेळ. अन् ऐका, त्यांच्या मैदानावर तुतारी कोण फुकायचा, म्हाईत हाय? स्टेशन मास्तर! आपल्यातलाच माणूस. त्यानं तुतारी फुकली की कॅप्टन बाह्या सारायचा, मग पंधरा मिनटं समोरच्याची खैर न्हाई.”

स्टेशन मास्तर ऐकलं आणि मुदखेडची पोरं कायमची तोरिनोची झाली. त्यांचा रंग गर्द तांबडा. आपल्या रेल्वेच्या डब्यांचाही तेव्हा तोच होता. त्याच रंगाचे अकरा सदरे शिवले गेले. ते धुतले की कोंडाबाईच्या न्हाणीतून लाल पाणी वाहायचं. संघ पूर्णेकडून हरायचा, परळीकडून हरायचा. तोरिनोही पुढे फारसं जिंकले नाहीत म्हणे. पण दर वर्षी त्यांचा कॅप्टन डोंगरावर चढतो आणि गेलेल्यांची नावं मोठ्याने वाचतो, हे चंद्रप्पाने सांगितलं आणि मुदखेडनेही ते सुरू केलं. कॅप्टन मल्लिनाथ अक्षराला बिचकायचा, म्हणून वाचायला मोठ्या आवाजाचा रामकिशन. उन्हाने भाजलेल्या मैदानावर टोप्या काढून उभी राहिलेली ती माणसं पाहून जाणाऱ्या गाडीचे प्रवासी खिडकीतून माना काढायचे.

खेळाडूंची नावं चंद्रप्पाने मासिकातून उतरवली होती. एकोणीस. २००९ साली रामकिशनची मुलगी बुद्धप्रिया लातूरला शिक्षिका झाली आणि एका सुट्टीत कॉम्प्युटरवरून सगळी माहिती काढून घेऊन आली.

“अप्पा, खेळाडू गेले अठरा. तुमी एकोणीस वाचून राहिलात. हा तोमा गेलाच न्हाई. गुडघा दुखावला म्हणून घरी ऱ्हायला होता. जित्ता हाय अजून.”

चंद्रप्पाने नावं उतरवली होती ती संघाच्या फोटोखालची. फोटोत तोमा होता, विमानात नव्हता. एका जिवंत माणसाला मुदखेडने पंचवीस-सव्वीस वर्षं श्रद्धांजली वाहिली होती! सगळे पोट धरून हसले. चंद्रप्पा मात्र दोन दिवस जेवला नाही. “जित्त्या माणसाला मारलं की रे मी,” एवढंच म्हणत राहिला. शेवटी तोड काढली मल्लिनाथने. नाव गाळायचं नाही. गँगच्या हजेरीत करतात तसं करायचं. तोमा म्हटलं की चंद्रप्पाने त्याच्या वतीने ओरडायचं : हजर!

तेव्हापासून अठरा नावांना शांतता आणि एकोणिसाव्याला चंद्रप्पाची आरोळी. त्या एका शब्दासाठी तो वर्षभर जगतोय असं वाटायचं.

२०१८च्या पावसाळ्यात बुद्धप्रियाने फोनवर सांगितलं, तोमा एप्रिलमध्ये वारला. रामकिशनने ते पोटात ठेवलं. पुढच्या प्रत्येक मेला तो नाव वाचायचा, चंद्रप्पा ओरडायचा आणि घरी आल्यावर रामकिशन अर्ध्या ताटावरून उठायचा.

भाकऱ्या झाल्या. रामकिशनने पाटी पुसली आणि लिहिलं : आज सांगून टाक.

“मी? अवो, पंच्याऐंशीचं म्हातारं हाय ते. डोळ्याला दिसंना झालंय. तेवढ्या एका आरोळीवर उभं हाय.”

रामकिशनने बराच वेळ लिहिलं : मी खोटी हजेरी भरली ती माझी मी भरली. तुझ्या तोंडून खोटं नको.

कोंडाबाईने पाटी वाचली, पदराने पुसली आणि त्याच्या हातात परत दिली.

मैदानाच्या अर्ध्या भागात रुळांखाली घालायचे सिमेंटचे स्लीपर रचून ठेवले होते. त्यांच्या सावलीला पाच वाजता सात म्हातारे जमले. चंद्रप्पाला रिक्षातून आणलं होतं.

“वैनी, जयभीम,” मल्लिनाथ म्हणाला. “रामकिशन कवा गप बसंल म्हणून आमी देव पाण्यात घातले होते. बसला, तर आता करमंना झालंय.”

रामकिशन हसला. हसताना रुमालाखालून शीळ वाजली.

“वैनी, सकाळपून गूळपाणी पिऊन राहिलो मी,” चंद्रप्पा म्हणाला. “घसा एकदम तयार हाय बघा.”

टोप्या उतरल्या. कोंडाबाईने नावं घेतली. रिगामोंती. मेंती. लोइक. गाबेत्तो. कॅप्टन मात्सोला. ओस्सोला. परक्या देशातली ही पोरं तिच्या दारावरून गेल्यासारखी एकेक करून गेली. अठरा झाली. चंद्रप्पाने दोन्ही हात काठीवर ठेवले, छाती भरून घेतली आणि तोंड उघडलं.

“भाऊ, थांबा,” कोंडाबाई म्हणाली. “आज वरडू नका. तोमा न्हाई ऱ्हायले.”

चंद्रप्पाचं तोंड तसंच उघडं राहिलं.

“कवा?”

“सात वर्षं झाली. आमाला म्हाईत होतं. तुमाला सांगायचं धाडस झालं न्हाई.”

चंद्रप्पाने मान रामकिशनच्या दिशेने वळवली. दिसत नव्हतं तरी बरोबर त्याच्याकडेच.

“रामकिशन, सात साल मला मुर्द्याची हजेरी द्यायला लावलीस. तू पॉइंट्समन होतास का माझी दाई?”

रामकिशनने पाटी उचलली आणि खाली ठेवली. चंद्रप्पाला पाटीवरचं दिसणार नव्हतं.

“वय काय होतं?” चंद्रप्पाने विचारलं.

“ब्याण्णव.”

“ब्याण्णव.” म्हाताऱ्याने बोटांवर काहीतरी मोजलं. “म्हंजी दोस्त गेल्यावर एकोणसत्तर वर्षं एकटाच वझं वागवून राहिला. दर चार मेला त्यालाबी ऐकू येत आसंल, आपलं नाव त्यात न्हाई म्हणून.” त्याने काठी नीट रोवली. “आता मिळाला त्यांना. घ्या वैनी, नाव घ्या. कायद्यानं घ्या.”

“तोमा,” कोंडाबाई म्हणाली.

कोणी ओरडलं नाही. चंद्रप्पाची मान खाली होती आणि ओठ मिटलेले होते. कोंडाबाईला वाटलं, आता हा माणूस पुढच्या मेपर्यंत कशावर तगणार?

मल्लिनाथने टोपी घातली आणि खाकरला. “बसू नका कुणी. आजून मस्टर व्हायचंय.”

“कसलं?” कोणीतरी विचारलं.

“आपलं. मी मुकादम हाय. माणसं मोजल्याबिगर गँग घरी सोडली न्हाई कधी.” त्याने कागद काढला नाही, त्याला लागलाच नव्हता कधी. नावं घेत गेला तसा एकेक म्हातारा ‘हजर’ म्हणत गेला. कोणी मोठ्याने, कोणी लाजत, कोणी खोकत.

“रामकिशन गजभारे.”

कोंडाबाईचे ओठ हलले. मल्लिनाथने तळहात तिच्याकडे करून तिला थांबवलं. तेवढ्यात नांदेडकडची गाडी सुटली. एकेक डबा मैदानाच्या कडेने निघून गेला, मागचा लाल दिवा गेला, रुळांचा आवाजही विरला, तरी मल्लिनाथने पुढचं नाव घेतलं नाही. तो वाट पाहत राहिला. सगळेच वाट पाहत राहिले.

रामकिशन कोंडाबाईचा खांदा सोडून एक पाऊल पुढे आला. हात शरीराला लावून सरळ उभा राहिला.

“हां,” मल्लिनाथ म्हणाला. मग वळून हाक दिली, “चंद्रप्पा!”