तीन वीसचं विमान

मंगळवारी संध्याकाळी बाबा जेवणाच्या टेबलावर नकाशा पसरून बसले होते. विमानतळावरच्या नोकरीतून निवृत्त होऊन त्यांना अकरा वर्षं झाली होती. तिथे ते वैमानिकांना उड्डाणाचं गणित मांडून देत: अंतर किती, वारा किती, इंधन किती. आता एकच गणित उरलं होतं, माझ्या धाकट्या बहिणीच्या गावचा विमानतळ ते आमचा.

"तीनशे दहा किलोमीटर," ते म्हणाले. "वारा नसेल तर पंचेचाळीस मिनिटं. आज समोरचा वारा आहे, म्हणजे एक्कावन्न."

"पण ती आज येतेय कुठे?"

"आली तर, म्हणतोय."

धाकटी वर्षातून दोनदा यायची. मी दोन गल्ल्या पलीकडे राहायचे आणि रोज डबा घेऊन यायचे.

"माझ्या घरून इथवर किती मिनिटं, ते काढलंत का कधी?"

"तू तर उंबऱ्यातच असतेस," ते हसले. "तुझं काय मोजायचं?"

पिकतं तिथे विकत नाही, असं पुटपुटत मी कालचा डबा घासायला घेतला.

बुधवारी सकाळी त्यांच्या छातीत कळ आली. दुपारी बाराला हॉस्पिटलमध्ये डॉक्टरांनी मला खोलीबाहेर बोलावून सांगितलं, "कुणाला बोलवायचं असेल तर आत्ताच बोलवा." तिकडून दिवसाला एकच विमान, तीन वीसला. रस्त्याने डोंगराला वळसा घालून नऊ तास. हे मलाही बाबांइतकंच पाठ होतं. मी फोन काढला, तिचा नंबर समोर आणला आणि फोन पुन्हा पर्समध्ये टाकला. एक दुपार तरी ते माझे एकटीचे असोत, एवढंच मनात होतं.

"धाकटीला कळवलंस?" त्यांनी विचारलं.

"हो, बाबा."

मी त्यांचा हात धरून बसले. त्यांनी डोळे मिटले आणि हलक्या आवाजात मोजायला लागले. "आता घरून निघाली असेल." बऱ्याच वेळाने, "आता दार लावलं असेल विमानाचं." मग, "आज वारा मागचा आहे. एक्केचाळीस मिनिटांत टेकेल."

चोरून घेतलेली दुपारसुद्धा तिच्याच वाट्याला गेली. माझा हात त्यांच्या हातात होता आणि मला तिचा इतका राग येत होता, की बोटं आवळली गेली.

चार वाजून गेले. ते दाराकडे बघायला लागले.

"सामान मिळायला वेळ लागतो ना," मी म्हणाले.

चार वीसला मी बाहेर जाऊन धाकटीला फोन केला. पाचला बाबा गेले.

आठवड्याने आम्ही दोघी त्यांचं कपाट आवरत होतो.

"एवढं अचानक कसं गं झालं, ताई?" ती म्हणाली. "तुझा फोन आला तेव्हा विमान सुटून तास झाला होता. माझं नशीबच फुटकं. तू तरी होतीस त्यांच्यापाशी. हेवा वाटतो तुझा."

मी हातातले शर्ट पलंगावर ठेवले.

"डॉक्टरांनी बारालाच सांगितलं होतं," मी म्हणाले. "तुझा नंबर समोर होता. मी मुद्दाम लावला नाही. मला तू यायला नको होतीस. तुला कळवलं असं मी बाबांना खोटं सांगितलं, आणि ते शेवटपर्यंत तुझीच वाट बघत होते."