बोलून दाखवलेलं कौतुक

यंत्राच्या पडताळणीसाठी लावलेल्या शुद्ध पाण्याच्या कुपीत नायट्रेट शून्य दिसायला हवं. शुक्रवारी दुपारी ते केसभर वर दिसत होतं. आमच्या पाणी तपासणाऱ्या प्रयोगशाळेत एवढ्याकडे कुणीही काणाडोळा केला असता; मीसुद्धा. माझ्या विभागातल्या ओस्मोने यंत्र बंद केलं.

ओस्मोला व्हासा शहरातल्या प्रयोगशाळेने प्रमुखपद देऊ केलं होतं आणि तो उत्तर टाळत होता. त्याच्याशिवाय हिवाळा काढायचा, या विचारानेच मला थकवा येई.

सोमवारी मुख्य कार्यालयाने पुन्हा बजावलं की माझ्यासारख्या विभागप्रमुखांनी दर आठवड्याला एका सहकाऱ्याचं कौतुक करावं. आमच्या कुओपिओ शहरात कुणी काही बोललं नाही म्हणजे काम चांगलं. कौतुक होतं ते निवृत्तीच्या केकपाशी, नाहीतर दफनाच्या वेळी. एकदाचं उरकावं म्हणून मी ओस्मोला खोलीत बोलावलं आणि दार लावून घेतलं. तिथेच चुकलं.

तो उभाच राहिला. "काढताय का मला तुम्ही लोक?"

"नाही रे. तुझं काम छान आहे."

"म्हणजे नक्कीच काढताय."

"ओस्मो, बस खाली!"

"गेल्या आठवड्यात हेल्वीला छान म्हणालीस. बिचारी अजून विचारत फिरतेय, माझं चुकलं काय म्हणून."

मला दमलेलं हसू आलं. बोलायचंच तर नीट बोलावं.

"शुक्रवारी घरी जायची वेळ झाली होती, तरी तू सगळे नमुने पुन्हा लावलेस. त्यातली एक विहीर नायट्रेटच्या मर्यादेच्या काठावर होती. नाहीतर आपण ती विनाकारण बंद करायला लावली असती. शिवाय हेल्वीने गाळणी धुतली नव्हती म्हणून आकडा वर गेला, हे तिला न दुखावता दाखवलंस. तुझ्याकडून माणसं न घाबरता शिकतात."

तो बसला. त्याने खिडकीबाहेर गोठलेल्या तळ्याकडे पाहिलं.

"प्रमुखाचं काम मला झेपेल का, तेच कळेना," तो म्हणाला. "तू कधी काही बोलली नाहीस."

"झेपेल."

"मला थांबवायला म्हणतेयस का हे सगळं?"

"थांबवायचं असतं तर गप्पच बसले असते."

तो हसला नाही. उठला, खुर्ची जागेवर सरकवली आणि दाराच्या मुठीवर हात ठेवून म्हणाला, "मार्केत्ता, मी व्हासाला जातोय."