पोटातली जाड तार

मित्रांनो, पुतळाबाईंच्या ओटीवर पापड वाळत घातलेत. वरचं फडकं वाऱ्यानं उडू नये म्हणून चार कोपऱ्यांवर चार वजनं ठेवलीत. एक दगड, एक गंजलेलं कुलूप, एक फुटका खलबत्ता आणि चौथा मी. मी जुना फ्यूज. चिनी मातीचा, जन्मानं पांढरा. आताच्या रंगाबद्दल न बोललेलं बरं.

वजन म्हणून पडून राहणं हे स्वस्थ स्वभावाच्या वस्तूंचं काम. कुलपाला ते छान जमतं. मला नाही जमत. जिन्यात पाऊल वाजलं की अजून मी पोटातली तार चाचपतो. आता कोण काय लावणार?

पोट म्हणजे काय, ते आधी सांगतो. भिंतीवर एक खोबण, खोबणीत बसणारा मी, आणि माझ्या पोटातून जाणारी केसासारखी बारीक तार. घरात येणारी सगळी वीज त्या तारेवरून जाते. सोसवेल त्यापेक्षा जास्त आली की तार वितळते, घरात अंधार होतो आणि घर वाचतं. म्हणजे वेळेवर मोडणं हाच आमचा धंदा. बाकी सगळ्यांना टिकल्याबद्दल शाबासकी मिळते. आम्हाला ती मोडल्याबद्दल मिळायला हवी. पण अंधारात बसलेला माणूस शाबासकी देतो का? तो शिवी देतो.

माझा जन्म गुजरातेतल्या एका भट्टीत झाला. तिथून पेंढ्यात गुंडाळून मी भिवंडीला, धामणकर नाक्यावरच्या एका दुकानात आलो. बाहेर रिक्षांची ओरड, मागं कापड विणणाऱ्या लूमची खडखड. त्या गलक्यात आप्पांनी, म्हणजे पुतळाबाईंच्या यजमानांनी, मला उचललं आणि मडकं घेताना वाजवून बघतात तशी टिचकी मारली. "बद्द न्हाय वाजत," म्हणाले. "दे बांधून."

तेव्हा या घरात थोडे दिवे, पंखे आणि एक रेडिओ होता. खालच्या बोळात लाकडी फळी ठोकली, तिच्यावर लोखंडी मेन स्विच आणि शेजारी मी. काम हलकं होतं. दिवसभर माणसं बघत बसायचो. तेव्हापासून लागलेली खोड आजतागायत सुटलेली नाही. कोण काय लावतं, कधी लावतं आणि लावून वर काय म्हणतं, ते सगळं माझ्याकडे जमा आहे.

मग आमच्या गावात, दापोड्याला, गोदामं आली. आप्पांच्या भाताच्या खाचरावर पत्र्याचं मोठं गोदाम उभं राहिलं आणि घरावर मजला चढला. खाली थोरला मुलगा केसरीनाथ आणि त्याची बायको भाविका. वर धाकटा सागर आणि त्याची बायको मनाली. दोन चुली झाल्या, दोन फ्रिज झाले. पंप आला, धुण्याचं यंत्र आलं, गिझर आले, आणि वरच्या मजल्यावर एसी आला. वस्तू आली की शेजारी पेढे जायचे. मला मात्र कुणी विचारलं नाही, "बाबा रे, तुला झेपेल का?" खांबावरून येणारी वायर आप्पांच्या वेळचीच, मीटरही तोच. पोर बाप्या झालं तरी अंगात बारशाचं झबलं कोंबावं, तसा सगळा कारभार.

आप्पा मात्र शहाणे. त्यांनी घराला एक शिस्त लावली. जड वस्तू लावायच्या आधी जिन्यात उभं राहून हाळी द्यायची. खालून भाविका ओरडायची, "पंऽऽप!" वरून मनालीचं उत्तर यायचं, "लाव गो वैनी!" किंवा "थांब, इस्तरी हाय!"

त्या हाळीतही माणसं कळायची बरं का. भाविका थांबायची, पण थांबताना भांडी आपटायची. मनाली "थांब" म्हटल्यावर मुद्दाम दोन सदरे जास्त इस्त्री करायची. केसरीनाथ स्वतः कधी ओरडला नाही, बायकोला ओरडायला लावायचा. आणि सागर हाळी द्यायचा, पण वस्तू लावून झाल्यावर! तरी घर चालत होतं. आप्पा गेले, शिस्त राहिली.

ती मोडली एका फ्लेक्सपायी.

गेल्या वर्षी चुलतभावाच्या हळदीचा फ्लेक्स सागरनं बनवून आणला. आमच्याकडे हळद म्हणजे काय, ते तुम्हाला ठाऊकच आहे. लग्नाला एखादवेळी माणूस येणार नाही, हळदीला येणारच. फ्लेक्सवर सगळ्या घरादाराचे फोटो. मनालीचा चेहरा परातीएवढा. भाविका खालच्या कोपऱ्यात, लिंबाएवढी. त्यातून फ्लेक्स बांबूला बांधताना सुतळीचं भोक पडलं, ते नेमकं भाविकाच्या कपाळावर.

"ह्ये काय रं?" भाविकानं दिराला विचारलं.

"वैनी, टिकली समज!" सागर हसला. मनालीही हसली. ती हसली नसती तर भागलं असतं.

त्या दिवसापासून जावाजावांचं बोलणं बंद. उरली फक्त हाळी. "पंप." "लाव." दोन शब्दांवर घर उभं होतं, आणि ते दोन शब्द माझ्या बारीक तारेवर. मग एका सकाळी भाविका ओरडली, "पंप!" वरून उत्तर नाही. मनालीला ऐकू गेलं होतं. ती जिन्याच्या कठड्यापाशीच उभी होती, मला तिच्या बांगड्या ऐकू आल्या. भाविकानं वाट बघितली, तोंड वाकडं केलं आणि बटण दाबलं. वर गिझर चालू होता. मी माझं काम केलं. मोडलो.

त्यानंतर मी सारखाच मोडायला लागलो. दर वेळी सागरला खाली येऊन तार भरावी लागे. साबण लावलेल्या तोंडानं, उघड्या अंगानं. एक दिवस वैतागून तो मोटारी दुरुस्त करणाऱ्या मित्राच्या दुकानातून लूमच्या मोटारीची तांब्याची तार घेऊन आला. चांगली जाड. दोन पदर पिळून त्यानं ती माझ्या पोटात कोंबली.

"आता जाऊन दाखव!" तो मला म्हणाला.

आणि मित्रांनो, मी खरंच जाईना. एसी, पंप, इस्त्री एकदम लागले तरी मी आपला उभा. घरभर माझं कौतुक. "काय पैलवान झालाय!" असं केसरीनाथ पाहुण्यांना सांगायचा. दसऱ्याला मला झेंडूचं फूल मिळालं. इतकी वर्षं मोडून घर राखलं तेव्हा नाही. मोडता येईनासं झालं तेव्हा!

फूल डोक्यावर घेऊन मी तळमळत होतो. माझ्यातून धावणारी आग मला कळत होती, पण अडवायला माझ्याकडे काही नव्हतं. मागची वायर तापत होती. फळी सुकून काळपट होत होती. आणि माझ्या बरोब्बर खाली पुतळाबाईंची खाट होती. गुडघे गेलेले, म्हणून म्हातारी वाऱ्याच्या बोळातच निजायची, बसायची, तिथंच तांदूळ निवडायची. दुपारी लवंडताना भिंतीला हात लावून म्हणायची, "भिंत ऊन लागतंय रं सागर."

"आई, उन्हाळा हाय. ऊन न्हाय लागणार तं काय गार लागंल?"

मला ओरडता येत असतं तर मी तेव्हा ओरडलो असतो.

मे महिन्यातली दुपार. केसरीनाथ गोदामावर, सागर टेम्पो घेऊन पडघ्याला. वर मनालीनं एसी लावून इस्त्री काढली. खाली भाविकानं पंप लावला आणि मिक्सरवर वाटण घेतलं. कुणी कुणाला विचारलं नाही. माझ्या टोकांशी चरचर सुरू झाली. मागच्या वायरचं कवच मऊ होऊन ओघळलं. फळीतून निळसर धूर निघाला आणि एक ठिणगी थेट पुतळाबाईंच्या उशीवर पडली.

म्हातारीनं ती हातानंच झटकली. उठून मेन स्विच पाडावा, तर हात पुरेना. गुडघे उचलेनात. "भाविका!" म्हणून हाक मारली, ती मिक्सरच्या घरघरीत विरली. दुसरी ठिणगी पडली. आणि मग तिनं काय केलं, ठाऊक आहे? आप्पा द्यायचे तशी, पोटातून, जिना दणाणून टाकणारी हाळी दिली.

"पंऽऽऽप!"

ती हाळी नुसत्या कानानं ऐकायची नव्हती. दोघींच्या हाताला तिची सवय होती. वर मनालीनं विचार करण्याआधीच इस्त्रीचं बटण पाडलं, मग एसी. "थांऽऽब!" ती ओरडली. कितीतरी महिन्यांनी. आणि ते "थांब" ऐकून खाली भाविकानं पंप बंद केला. मिक्सर थांबला. माझ्यातली आग ओसरली.

मनाली धावत खाली आली, भाविका स्वयंपाकघरातून आली, आणि दोघी धुरात समोरासमोर. एकीनं सासूला खाटेवरून ओढलं, दुसरीनं स्टुलावर चढून काठीनं मेन स्विच पाडला. उशीला दोन काळी भोकं पडली होती.

संध्याकाळी धामणकर नाक्यावरून वायरमन अफजल आला. मला खोबणीतून काढून त्यानं माझं पोट बघितलं.

"भाई, ये तार है की रस्सी? बैल बांधायचाय का ह्याला?"

सागर जमिनीकडे बघत राहिला. केसरीनाथ एकदम म्हणाला, "मी कवापास्न सांगतंय!" तो कधीच सांगत नव्हता. माझ्याकडे नोंद आहे.

अफजल म्हणाला, "नुसता बोर्ड बदलून भागणार न्हाय. घराचा लोड वाढवून घ्या. थ्री फेज मीटर, खांबापासून नवी केबल, आत एमसीबीचा, म्हणजे आपोआप पडणाऱ्या बटणांचा बोर्ड. अंगणात अर्थिंगसाठी खड्डा. आणि मीटर आप्पांच्या नावावर हाय, तो आधी तुमच्या नावावर करा. दोघा भावांच्या सह्या लागतील."

"सह्या करायच्याच हायती तं मीटरच दोन करू," सागर म्हणाला. "ज्याचा त्याचा. कटकट न्हाय."

खाटेवरून पुतळाबाई म्हणाली, "करा. आज मीटर दोन, उद्या गणपती दोन. मंग मना पन मधोमध कापा, एक गुडघा वर न्या."

केसरीनाथनं धाकट्याच्या तोंडाकडे बघितलं, धाकट्यानं थोरल्याच्या. गणपतीपर्यंत विचार कुणाचाच गेला नव्हता. तेवढ्यात भाविका म्हणाली, "दोन मीटर म्हंजे भिंतीला दोनदा भोकं. आत्ताच रंग दिलाय मी. एकच ऱ्हाऊ दे."

"एकच बरा," वरच्या पायरीवरून मनाली म्हणाली. "दोनदोन बिलं कोन सांभाळीत बसंल?"

रंगाची काळजी आणि बिलाची काळजी! माणसं खरं कारण किती जपून ठेवतात, बघा. आम्ही तारही इतकी जपत नाही.

अफजल हातोडा-छिन्नी घेऊन आला त्या दिवशी मी खिडकीच्या कोनाड्यात पडून बघत होतो. भिंत फोडायला लागल्यावर म्हणाला, "अम्मीची खाट झाका, धूळ उडंल." मनाली गच्चीवर गेली आणि पाण्याच्या टाकीवर झाकलेलं काहीतरी घेऊन आली. खाटेवर पसरलं, तर काय? हळदीचा फ्लेक्स! उन्हानं मनालीचा परातीएवढा चेहरा पार विटून गेला होता. कोपऱ्यातली भाविका, टाकीच्या कडेखाली दडलेली, तशीच ताजी. कपाळावर भोक.

मनाली कावरीबावरी झाली. भाविका वाकून बघत राहिली. बघता बघता तिचे खांदे हलायला लागले.

"तुजं तं भूत झालंय गो," ती म्हणाली.

"आनि तू बघ, कशी नवरीवानी," मनाली म्हणाली. "वैनी, त्या दिवशी मी हसायला नको होतं."

"व्हतं तं खरंच हसन्यासारखं." असं म्हणून भाविकानं पदर तोंडाला लावला. तोवर अफजलनं पहिला घाव घातला आणि सिमेंटची धूळ दोघींच्या फोटोंवर सारखीच पडली.

नवा बोर्ड आला. पांढरा, झाकणाचा, आत रांगेत बसलेली शिस्तीची पोरं. खालच्या पंपाला वेगळं, वरच्या एसीला वेगळं. कुणावर भार जास्त झाला की तेवढंच खट् करून पडतं, सगळ्या घराला अंधारात बसवत नाही. त्यांच्या पोटात जाड तार कोंबता येत नाही. मला त्यांचा हेवा वाटतो का? वाटतो. मला फेकायला निघाले होते. पुतळाबाई म्हणाली, "आन इकडं. पापडांवर ठेवाया व्हईल."

मित्रांनो, आता माझं एवढंच मागणं. तुमच्याही घरात कुणीतरी असेल, वेळेवर मोडणारं. "आता पुरे" म्हणणारं. त्याचा राग येतो, ठाऊक आहे. पण त्याच्या पोटात जाड तार भरून त्याला गप्प करू नका. घर वाढलं असेल तर खांबापासून वायर वाढवा, जाणत्या माणसाला बोलवा, आणि भिंत ऊन लागते असं म्हातारं माणूस म्हणालं, तर उन्हाळ्यावर ढकलू नका.

हे बघा, जिन्यात पाऊल वाजलं. भाविका आहे. वर एसी चालू आहे, इस्त्रीही चालू असावी. नव्या बोर्डाला त्याचं काही नाही. विचारायची गरज उरलेली नाही, हे तिला ठाऊक आहे. तरी बटणापाशी हात थांबलाय. मी पोटातली तार चाचपतोय. आता तिथं तार नाही, तरी.

"पंऽऽप!"

मग वरून बांगड्या वाजतात.

"लाव गो वैनी! आनि पापड परतून ठेव, मी येतंय खाली!"