दाराचा हिरवा

चित्रातलं दार आईच्या स्वयंपाकघराचं होतं आणि ते हिरवं होतं, यावर सगळ्यांचं एकमत होतं. वाद होता तो कुठला हिरवा, एवढाच.

आई गेल्यावर चित्रकाराने ते आठवणीतून रंगवलं होतं. घर विकलं गेलं होतं, फोटो सगळे काळे-पांढरे. आता चित्रांच्या प्रती छापून विकणारा एक प्रकाशक या चित्राच्या मोजक्या प्रती काढणार होता. चित्रकाराची अट एकच: दाराचा रंग चुकला, तर एकाही प्रतीवर सही करणार नाही.

पहिलं प्रूफ, म्हणजे छपाईआधीचा नमुना, निळसर निघालं. दुसरं पिवळं पडलं. तिसऱ्यात दार गडद झालं, तेव्हा चित्रकाराने फोन लावला.

“मूळ चित्रासारखं करा हो. जास्त काही मागत नाही.”

“करतो, सर,” प्रकाशक म्हणाला. त्याने कपाळाला हात लावला असेलही. फोनवर ते दिसलं नाही.

फोन ठेवून चित्रकाराने ते तिसरं प्रूफ गुंडाळायला घेतलं, तेवढ्यात त्याची थोरली बहीण, ताई, आली.

“थांब रे बाळ्या, बघू दे.” बाळ्याला टक्कल पडून बरीच वर्षं झाली होती, पण ताईने त्याची दखल घेतली नव्हती. तिने प्रूफ खिडकीशी नेऊन उजेडात धरलं. “हेच. कडीजवळ अगदी असंच काळपट दिसायचं. तुझ्या चित्रातलं दार दवाखान्याचं वाटतं.”

“मग आधी का नाही बोललीस?”

“तू विचारलंस कुठे?”

संध्याकाळभर तो घुश्शात होता. सकाळी उठला, रंग कालवला आणि त्या प्रूफकडे बघत बघत मूळ चित्रातलं दार नव्याने रंगवून काढलं. छान जमलं. प्रकाशकाला कळवायचं तेवढं राहिलं. खरं तर राहिलं नव्हतं. इतके नखरे केल्यावर सांगायचं कुठल्या तोंडाने?

दोन दिवसांनी प्रकाशक स्वतः चौथं प्रूफ घेऊन आला. या वेळी त्याच्या चेहऱ्यावर आत्मविश्वास होता. त्याने प्रूफ चित्राशेजारी धरलं. मग चष्मा काढून पुसला आणि परत धरलं.

“सर, माझे डोळे गेले का?”

“नाही. दार बदललंय.”

“कधी?”

“परवा.”

“कशावरून बदललंत?”

“तुमच्या तिसऱ्या प्रूफवरून.”

प्रकाशक खुर्चीत बसला. बसण्याआधी खुर्चीला ओला रंग नाही ना, हे मात्र त्याने पाहिलं.

चित्रकार चौथ्या प्रूफकडे बघत राहिला. नव्या रंगाखाली गेलेलं त्याचं दार तिथे जसंच्या तसं होतं, आणि आता तेही आईचंच वाटत होतं. त्याने ताईला बोलावून घेतलं.

ताईने एकदा चित्राकडे पाहिलं, एकदा प्रूफकडे. “चित्रातलं माझ्या लग्नाआधीचं. हे कागदावरचं नंतरचं असणार, तू शाळेत होतास तेव्हाचं.”

“म्हणजे आईने दार रंगवलं होतं?”

“अधूनमधून रंगवायचीच की. दुकानात जो हिरवा स्वस्त मिळेल तो आणायची.”

चित्रकाराने खिशातलं पेन काढलं.

“सही कुठल्यावर, सर?” प्रकाशकाने विचारलं.

“दोन्ही छापा. दोन्हीवर करतो.”

प्रकाशकाने मान डोलावली, प्रूफ गुंडाळलं आणि दारापर्यंत जाऊन मागे वळला.

“ताई, एक विनंती आहे. त्याच्याही आधी दार कसं होतं, ते सांगू नका.”