मुजुमदार पट्टा

मुजुमदार पट्टा म्हणे! ज्या माणसानं जलमात चिखलात पाय घातला नाई, त्याच्या नावाचा पट्टा. नागपुरात जुन्या गाड्याईचं प्रदर्शन लागलतं, त्याचे फोटो आमच्या सुनेनं, रोशनीनं, मोबाईलात दाखवले अन् माह्या अंगाचा तिळपापड झाला. एक हिरवी लँडरोव्हर उभी, धुतलेली, पुसलेली, नवरीवानी सजवलेली. बाजूले पाटी. रोशनीनं वाचून दाखवलं, काळ्या मातीत गाडी चालावी म्हणून इंजिनिअर मुजुमदार यांनी शोधलेला पट्टा. शोधलेला! म्या म्हटलं, खाली पाह्य, आपल्या बुढ्याचं नाव असन. तिनं खालीवर बोट फिरवलं. नाव नाई.

बुढा म्हणजे माहा नवरा, पुंडलिकराव. पुलगावच्या रस्त्याले एक कारखाना होता, आता तिथी मंगल कार्यालय झालं. तो कारखाना लिलावातल्या जुन्या इंग्रजी गाड्या घे, उघडून नीट करे अन् कॅनलचं मोजमाप करणाऱ्याईले विके. गाडी उभी झाली की पहिले बुढ्याच्या हातात. त्यानं ती नाल्यात घालाची, दगडाईवरून न्याची, पऱ्हाटीच्या वावरात फिरवाची, अन् कुठी काय मोडते ते येऊन सांगाचं. टेस्ट डायवर म्हणत त्याले. मुजुमदार साहेब बांधावर छत्री धरून उभे राहत. एका टायमाले गाडी नाल्यात उलथली, याचं खांद्याचं हाड मोडलं, तरी हा दवाखान्यात पडल्या पडल्या सांगून राह्यला होता की साहेब, मागच्या स्प्रिंगाची कमान बरोबर नाई, बदला. कंबर तवापासूनच गेली. आता उठाचं म्हटलं तर भिंत धरा लागते.

पट्टा काय, ते सांगते. त्या गाड्या गोऱ्याईनं आपल्या मुलखासाठी बनवल्या. आमची माती पावसाळ्यात कशी चिकटते, ते त्याईले काय माहीत? चाकाले माती धरे, चाक फुगत जाये अन् वरच्या पत्र्यात गच्च बसे. मग गाडी जागची हालेच ना. त्याच्यावर इलाज म्हणून चाकाच्या मागं एक जाड पट्टा लावला, चाकाले घासून राहीन असा. चाक फिरलं की माती आपोआप खरवडून पडे. एवढीशी गोष्ट, पण तिच्यानं गाड्या भर पावसात चालाले लागल्या अन् कारखान्याले नाव भेटलं. तो पट्टा आमच्या घरून गेलता, साहेबाच्या बंगल्यातून नाई. हे मी वर्सोनवर्सं ओरडून राह्यली. बुढा म्हणे, जाऊ दे वं.

म्हणून त्या वेदश्रीचा फोन आला तवा म्या ठरवलंच. वेदश्री म्हणजे साहेबाची नात, पुण्याले राहते. साहेब वारले मांगेच. ह्या जुन्या गाड्याईवर ती फिलम बनवून राह्यली होती, अन् त्या चालवणारा कोणी जिता आहे का, ते शोधत शोधत आमच्या देवळीले आली. संगं कॅमेरेवाला. पोट्टी मोठी गोड. चपला बाहेर काढल्या, पाया पडली, आजी आजी करे. तिच्यावर धड रागही येईना, अन् येईना म्हणून आणखी राग ये. पण म्या मनात पक्कं केलं होतं. बुढा ऐंशीले टेकला. त्याचं नाव आज नाई निंघालं तर मग कधी, सरणावर?

कॅमेरा लागला. पोरीनं विचारलं, आजोबा, तो पट्टा कसा सुचला? अन् हा माणूस खुर्चीत हात जोडून बसला. "साहेबाईनं केलं," म्हणे. "आम्ही फक्त गाडी चालवली."

तळपायाची आग मस्तकात गेली माह्या. म्या पोरीले म्हटलं, जरा थांब बाई, बुढ्याले गोळी द्याची आहे. कसली गोळी अन् कसलं काय! त्याले सैपाकघरात नेलं, दार लोटलं अन् असा झाडला का इचारू नका. हाड कोणाचं मोडलं, कंबर कोणाची गेली, मेलेल्या माणसाले आता काऊन भेता, सारं काढलं. बुढा खाली पाहून म्हणे, मोठ्या माणसाची नात आहे, तिच्या तोंडावर बरं दिसते का? म्या म्हटलं, बरं दिसण्यातच जिंदगी गेली तुमची. आज तुमच्या तोंडून तुमचं नाव निंघालं नाई, तर उद्यापासून चूल तुमची तुम्हीच पेटवा.

बुढा परत जाऊन बसला. अन् बाप्पा, असा ताठ बसला की लग्नातही म्या त्याले तसा पाह्यला नोता. "पट्टा मीच केला," म्हणे.

मी दारात चहाचा टरे घेऊन उभी. डोळ्यात पाणीच आलं माह्या. बुढा सांगून राह्यला होता, आवाज कसा खणखणीत. गाडी वावरात फसली. मले वखर आठवलं. वखराच्या पासेले, त्या लोखंडी पात्याले, माती धरली की कास्तकार ती खरवडून काढते, तसंच चाकालेही काही पाह्यजे, असं माह्या डोक्यात आलं. पहिले लोखंड लावलं, त्यानं टायर कापल्या गेलं. मग हिंगणघाटच्या कापसाच्या जिनिंगमधून मशीनचा जुना पट्टा आणला, कापला अन् लावला.

मी ऐकून राह्यली होती, मान हालवून राह्यली होती. अन् मग वखर काय ते डोक्यात शिरलं.

वखर! या माणसानं वखर कधी धरलं? याचा बाप कापड मिलमध्ये, हा शाळेतून निंघाला तो गाडीवरच बसला. वखर माह्या बापाचं. लहानपणी त्याच्या मांगे मांगे चालून पासेची माती म्या खरवडली. त्या दिवशी मी डबा घेऊन वावरात गेलती. गाडी फसलेली, हा डोक्याले हात लावून बसलेला. म्याच म्हटलं, चाकाले खरवडणारं काहीतरी लावा. लोखंडानं टायर फाटलं तवा जिनिंगचा पट्टा म्याच सांगतला, माहा भाऊ होता तिथी कामाले, त्यानं तो सायकलवर टाकून आणला. अन् कापला कोणं? म्या. उंबरठ्यावर ठेवून, इळ्यानं, हाताले फोड येईपर्यंत. बुढा लबाड नाई. त्याच्या संगं जलम काढला, मले माहीत आहे. तो खोटं बोलून नोता राह्यला. त्याले तसंच आठवून राह्यलं होतं, अन् तेच माह्या जिव्हारी लागलं.

पोरीनं मले पाह्यलं. म्हणे, "आजी, तुम्हीही होता का तेव्हा?"

माह्या तोंडाच्या पहिले बुढाच बोलला, अन् हसून बोलला, कौतुकानं. "ही डबा आणे वावरात. लय साथ देल्ली हिनं."

साथ! आत्ता कुठी याचं नाव निंघालं होतं, तेही म्याच काढलं, अन् म्याच ते पुसाचं? त्याचा चेहरा पाह्यला. किती खुश होता, लेकरावानी. गप राहावं, अर्धं आयुष्य गेलं तसं उरलेलंही जाईन, असंही मनात आलं. पण तो साथ शब्द काही केल्या घशाखाली उतरेना. म्या टरे खाली ठेवला अन् सारं सांगतलं. वखर, भाऊ, सायकल, इळा, फोड. त्यानं हाड मोडून घेतलं, हेही सांगतलं. गाडी त्यानं चालवली, तशी कोणाच्या बापाले चालवता आली नसती, हेही सांगतलं. फक्त पट्टा माहा होता.

कॅमेरेवाल्यानं कॅमेरा बंद केला नोता. वेदश्री बुढ्याकडे वळली. हळूच म्हणे, "आजोबा, आजी म्हणतात ते खरं आहे का?"

बुढ्यानं माह्याकडे पाह्यलं, खाली पाह्यलं. त्याले आठवलं होतं. त्याच्या डोळ्यातच दिसलं मले, एक एक करून सारं आठवलं होतं. अन् मग तो पुन्हा हात जोडून बसला.

"जाऊ द्या बाई," म्हणे. "साहेबाईचंच नाव राहू द्या. त्याईचंच होतं ते."

साहेबाले द्याले तयार, पण बायकोले नाई. मेलेल्या माणसाले द्याले तयार! रडू नाई आलं. राग असा आला की कानात सू सू होऊन राह्यलं होतं. पोट्टीच्या डोळ्यात पाणी आलं, ती माहा हात धराले लागली. म्या हात काढून घेतला. म्या म्हटलं, "माय, हे कापजो नोको. आत्ता जे बोलला ना हा, ते सारं दाखवजो."

तवापासून बुढा माह्याशी बोलत नाई. नोको बोलू. रोशनी आमच्या दोघाईत निरोप घेऊन फिरते अन् मले म्हणते, आई, म्हाताऱ्या माणसासंगं एवढं काय धरून बसता? म्या तिले सांगतलं, तू पहिले तुह्या नवऱ्याले विचार, तुह्या कोणत्या गोष्टी तो आपल्या म्हणून सांगते. तवापासून तीही जरा गप आहे.

काल वेदश्रीचा फोन आलता. फिलममध्ये नाव लिवाचं आहे, पूर्ण नाव सांगा म्हणे. धुरपता पुंडलिकराव लिवू का? म्या म्हटलं, नाई. मग माहेरचं, वडिलांचं लावू का? म्या म्हटलं, मांगे कोणाचंच लावू नोको. नुसतं धुरपता लिव.