डावी बाही

बिल्लाने दोन्ही बाह्या टेबलावर एकावर एक ठेवल्या, कडा जुळवल्या आणि कपाळावरचा चष्मा नाकावर आणला. डावी बाही उजवीपेक्षा चांगली बोटभर अरुंद होती.

"मालान, हा हात कुणाचा?"

मंगळवारची विणकामाची मंडळी मालानकडे जमली होती. बिल्लासकट पाच बायका, आणि तीस वर्षांच्या मैत्रीत येतो तेवढा फटकळपणा. स्वयंपाकघरात मालानचा नवरा हानुस केक कापत होता. प्रश्न ऐकून त्याची सुरी थांबली.

"माझाच," मालान म्हणाली. "प्लास्टरमधला."

"मग उसव. बाप्तिस्म्याला दहा दिवस राहिलेत. रान्वा काय एक बाही घट्ट आणि एक ढगळ घालून चर्चमध्ये उभी राहणार?"

हानुसने केकचं ताट बाहेर आणून ठेवलं आणि कुणाकडे न बघता परत आत गेला. बिल्लाने केकची तारीफ केली. तीही त्याने ऐकली नाही.

फेब्रुवारीत पायरीवरच्या बर्फावरून घसरून मालानने मनगट मोडून घेतलं, तेव्हा फक्त डावी बाही विणायची राहिली होती. लेकीच्या, रान्वाच्या, पहिल्या बाळाचा बाप्तिस्मा राजधानीत, तोर्सहाव्नला, व्हायचा होता आणि तिच्यासाठी हा नाजूक जाळीचा कार्डिगन चालला होता. आपल्याच मेंढ्यांच्या लोकरीचा बारीक धागा आणि त्याच्या जोडीने मोहेरचा, बकरीच्या लांब मऊ केसांचा, धागा, दोन्ही एकत्र धरून विणलेला. हातात घेतला तर वजन लागत नव्हतं.

हानुस तेव्हा घरीच होता. एक्केचाळीस वर्षं बोटीवर काढल्यावर मागच्या शरद ऋतूत डॉक्टरांनी त्याच्या छातीला नळी लावून ऐकलं आणि समुद्र बंद केला. जन्मभर घरात तो पाहुण्यासारखा येऊन गेला होता. आता पाहुणा जायचं नाव घेईना. सकाळी बंदरापर्यंत जायचा, दुसऱ्यांच्या बोटी सुटताना बघायचा आणि परत येऊन मालानच्या पायात पायात घोटाळायचा.

"सुया धर," ती एक दिवस म्हणाली. "भोकंच पाडायची आहेत. फाटकी जाळी दुरुस्त करण्यात जन्म गेला तुझा, तुला काय नवीन त्यात?"

"बंदरावर कळलं तर मला तिकडे तोंड दाखवायची सोय राहणार नाही."

"कोण सांगतंय? मी नाही सांगत."

मग तीन आठवडे ती मोठ्याने नमुना वाचायची आणि तो विणायचा. "दोन एकत्र, दोरा पुढे, तीन सुलट. अरे, दोन्ही धागे घे, हानुस! एक मागे राहिला बघ." दहाव्या ओळीत सगळं चुकलं. मोहेरचा केसाळ धागा स्वतःतच असा गुंततो की उसवता उसवत नाही. मालानने विणकाम पिशवीत घालून सरळ फ्रीझरमध्ये ठेवलं, कॉड माशाच्या शेजारी. गारठलं की मोहेरची पकड सुटते. हानुस त्या दिवशी मनापासून हसला, कितीतरी महिन्यांनी.

पुढे तो चुकला नाही. फक्त प्रत्येक टाका ओढून आवळायचा. जाळ्याची गाठ सैल राहिली तर मासा जातो, हे हाताला इतकं पक्कं माहीत होतं की मालान "सैल, जरा सैल" म्हणत राहिली आणि तो मान हलवून आवळत राहिला. बाही पूर्ण झाली त्या दुपारी ती गुडघ्यावर पसरून तो बराच वेळ बसला होता. आजवर त्याने घरी आणलेलं सगळं कापून, साफ करून, खाऊन संपलं होतं. ही बाही राहणार होती. तिच्यावर त्याच्या नातवंडाचं डोकं टेकणार होतं.

कुणाला सांगायचं नाही हे त्यानेच बजावलं होतं. तरी मालानचं "माझाच" त्याला लागलं. आणि बिल्लाचं "उसव" त्याहून जास्त.

बुधवारी सकाळी तो मासा काढायला गेला, तर फ्रीझरमध्ये कॉडच्या शेजारी ती पिशवी होती. आतून लोकरीचा राखी रंग दिसत होता. त्याने पिशवीला हात लावला नाही. मासा ओट्यावर ठेवला, टोपी घातली आणि मेंढ्यांचं कुंपण बघायला म्हणून निघून गेला. कुंपण चांगलं धडधाकट होतं. तो दुपारपर्यंत त्याला टेकून उभा राहिला.

परत आला तेव्हा मालान खिडकीपाशी बसली होती. मांडीवर ती पिशवी.

"कुठे होतास? ये, बस समोर. धागे दोन आहेत, एकट्या माणसाचं काम नाही. तू मोहेर गुंडाळ, मी लोकर."

"सगळी उसवायची?"

"सगळी."

तो बसला. माणूस वाईट बातमी ऐकायला बसतो तसा. तिने टोक सोडवलं, दोन धागे वेगळे केले आणि एक त्याच्या बोटात दिला. गार धागा सुरसुर सुटायला लागला. पहिली ओळ गेली, दुसरी गेली. चौथ्या ओळीला त्याची बोटं थांबली. टाके भराभर सुटत होते. त्याने आवळलेले टाके असे सुटलेच नसते.

त्याने मान वर केली. डावी बाही टेबलावर होती, ओली करून, टाचण्या लावून नीट ताणलेली. उजेडात तिचं एक न् एक भोक उघडं दिसत होतं.

"मालान, ही तुझी आहे."

"माहीत आहे मला. धागा ओढ."

"अगं, पण नऊच दिवस–"

"माझं मनगट अजून वळत नाही. दुसरी पण तूच विणणार आहेस. रान्वाचे दंड काड्यांसारखे आहेत, बसेल तिला."

तेवढ्यात फोन वाजला. मालानने तो खांद्याने कानाशी दाबून धरला. हात गुंतलेले होते.

"हो बिल्ला, उसवतेय. नाही, नाही, ती नाही. माझी उसवतेय." ती हानुसकडे बघत म्हणाली, "ती हानुसने विणलीये. ती तशीच राहणार."

पलीकडे बिल्लाचा आवाज एकदम चढला. आता पंधरा मिनिटांत बंदरभर होणार, हे तिघांनाही कळत होतं. मालानने फोन बाजूला ठेवला.

"चिडलास?"

हानुस मोहेरचा गुंडा फिरवत राहिला. त्याचे कान लाल झाले होते. खिडकीबाहेरून बंदराकडे जाणारे दोघं आत डोकावून गेले, तरी त्याने हात खाली घेतले नाहीत.

"सैलच होती तुझी वीण," तो म्हणाला. "कधीपासून सांगणार होतो."